दोन प्रजाती, एक घरटं: गाणाऱ्या पक्ष्यांमधलं संकरण

माळटिटवी

गेले आठ-दहा दिवस खिडकीसमोरच्या फांदीवर एक बुलबुल येऊन बसतोय आणि माझ्या डोक्यातून जात नाहीये. तुरा शिपाई बुलबुलासारखा, पण आखूड आणि तपकिरी. गाल पांढरा, पण डोळ्यामागचा लालचुटुक ठिपका नाहीच. शेपटीखाली लाल असायला हवं तिथे फिकट नारिंगी. लालबुड्या आणि शिपाई, दोन्ही बुलबुल त्याच झाडावर असतात, एकाच फळाला चोच मारतात. म्हणून पहिला प्रश्न: हा दोघांचा संकर असेल का?

दुसरा प्रश्न बराच जुना आहे. ज्यांच्यात आपापसात प्रजनन होतं आणि ज्यांची संततीही प्रजननक्षम असते ती एक प्रजाती, अशी व्याख्या आपण सगळ्यांनीच पाठ केली. मग दोन वेगळ्या प्रजातींचे पक्षी जोडी जमवतात, त्यांना पिल्लं होतात, कधी त्या पिल्लांनाही पिल्लं होतात, असं वाचलं की गोंधळ होतो. व्याख्या चुकली, की त्या पक्ष्यांना दोन प्रजाती म्हणणारे चुकले? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती. कितीही लांब प्रतिसाद चालेल.

कोतवाल

माळटिटवीताई, संकर म्हणण्याआधी ते पिल्लू आहे का ते बघा. शिपाई बुलबुलाच्या पिल्लाला गालावरचा लाल ठिपका नसतो, बुडाखालचा रंगही लाल नसून फिकट नारिंगी असतो आणि तुरा पूर्ण वाढलेला नसतो. चोचीच्या कडा नीट बघा, अजून फिकट, मऊ दिसतात का? पोटाखालची पिसं विरळ, भुरभुरीत आहेत का? शेपटीच्या टोकाला पांढरं आहे का?

या दोन बुलबुलांचे संकर नोंदले गेले आहेत, त्यामुळे शक्यता शून्य नाही. पण 'वेगळा दिसतो' म्हणजे 'संकर आहे' असं होत नाही. आधी वय, मग पिसं झडण्याचा काळ, मग रंगद्रव्याची कमतरता आणि सगळ्यात शेवटी संकर, या क्रमानेच जावं. मी स्वतः दोनदा घाई करून फसलो आहे.

माळटिटवी

शेपटीच्या टोकाला पांढरं आहे! चोच उद्या सकाळी दुर्बिणीतून बघते. दुसऱ्या प्रश्नाचं मात्र कुणीतरी घ्या.

सुगरण

दुसऱ्या प्रश्नासाठी मी बसलेच आहे, कारण हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

आपण पाठ केलेली प्रजातीची ही व्याख्या जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये मांडली आणि तिच्यात भर आहे तो 'निसर्गात' या शब्दावर आणि 'विलगतेवर'. दोन पक्षी एका पिंजऱ्यात कोंडले तर काय होईल हा मुद्दा नाही. मोकळ्या रानात, निवडीला वाव असताना, दोन समूह आपापले राहतात का, हा आहे. आपापले राहतात म्हणजे त्यांच्यात कधीच, एकदाही संकर होत नाही, असंही नाही. जगातल्या साधारण दर दहा पक्षी-प्रजातींमागे एकीचा तरी निसर्गात दुसऱ्या प्रजातीशी संकर झाल्याची नोंद आहे. म्हणजे हा अपवादात्मक अपघात म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

भिंती दोन प्रकारच्या. पहिली फलनापूर्वीची: ऋतू जुळत नाही, अधिवास जुळत नाही, गाणं ओळखीचं वाटत नाही, रंग आवडत नाही. दुसरी फलनानंतरची: अंडं उबत नाही, पिल्लू जगत नाही, जगलं तर वांझ निघतं. पक्ष्यांमध्ये ही दुसरी भिंत फार सावकाश उभी राहते. पूर्वज वेगळे होऊन लाखो वर्षं गेली तरी शरीरं जुळतात. पसंती मात्र त्यामानाने झटपट बदलते. म्हणून गाणाऱ्या पक्ष्यांत प्रजाती टिकून राहतात त्या मुख्यतः कानामुळे आणि डोळ्यामुळे, असं माझं मत आहे.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे बाल्टिक समुद्रातल्या ओलांड आणि गोटलांड या स्वीडिश बेटांवरचे दोन माशीमार: पाइड फ्लायकॅचर आणि कॉलर्ड फ्लायकॅचर. दोघांचे नर काळे-पांढरे. कॉलर्डच्या मानेभोवती पांढरी पट्टी, पाइडला ती नाही. माद्या इतक्या सारख्या की हातात धरूनही चूक होऊ शकते. जिथे फक्त पाइड राहतो तिथे त्याचे बरेच नर काळे असतात आणि माद्या काळ्यालाच पसंती देतात. जिथे दोन्ही प्रजाती शेजारी राहतात तिथे पाइडचे नर तपकिरी, जवळजवळ मादीच्या रंगाचे असतात. आणि तिथल्या पाइड माद्या तपकिरी नर निवडतात. १९९७ मध्ये मध्य युरोपातल्या याच दोन प्रजातींवर हे प्रयोगाने दाखवलं गेलं. चुकीच्या जोडीदाराची किंमत मोजावी लागते, म्हणून ओळख पटवणारा फरक पिढ्यानुपिढ्या ठळक होत जातो. याला दृढीकरण म्हणतात. तत्त्व म्हणून ते आधीपासून पुस्तकांत होतं, पण मोकळ्या रानातल्या पक्ष्याच्या पिसांवर असं स्पष्ट उमटलेलं फार थोड्या ठिकाणी बघायला मिळतं.

आणि तरीही संकर होतातच. ओलांडवर कॉलर्ड नर जास्त आक्रमक, चांगल्या घरट्याच्या जागा तेच बळकावतात. अशा शेजारात वाढलेले काही पाइड नर कॉलर्डच्या गाण्याचे तुकडे उचलतात आणि आपल्या गाण्यात गुंफून गातात. ती मिश्र गाणी ऐकून कॉलर्ड माद्या फसतात. तिथल्या मिश्र जोड्यांचं एक मोठं कारण हे उसनं गाणं आहे. जे कान भिंत बांधतात तेच तिला खिंडार पाडतात, हे मला आजही थक्क करतं.

पहाटवारा

अप्रतिम प्रतिसाद, वाचनखूण साठवली.

एक भाबडी शंका. माझ्या डोक्यात संकर म्हणजे खेचर. घोडा आणि गाढवाचं पोर, अंगाने दणकट पण वांझ. पक्ष्यांतही तसंच असतं ना? मग संकर झाले तरी पुढे वंश चालत नाही, प्रश्न तिथेच मिटला.

जोडाक्षर

पहाटवारा, तुमची शंका भाबडी मुळीच नाही. या फ्लायकॅचरमध्ये संकर माद्या वांझ असतात, संकर नर मात्र काही अंशी प्रजननक्षम असतात. म्हणजे अर्धं खेचर. हे 'अर्धं' का, याचा नियम आहे.

१९२२ मध्ये जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी मांडलं की संकरात जर एकच लिंग गैरहजर, दुर्मीळ किंवा वांझ असेल, तर ते दोन वेगवेगळी लिंगगुणसूत्रं असणारं लिंग असतं. सस्तन प्राण्यांत ते नर, एक्स-वाय. म्हणून नर खेचर वांझच, पण खेचर मादीला पिल्लू झाल्याच्या विरळा का होईना नोंदी आहेत. पक्ष्यांत उलट. नर झेड-झेड, मादी झेड-डब्ल्यू. म्हणून पक्ष्यांत आधी मादीवर संक्रांत येते.

का, ते असं बघा. एकाच यंत्राचे दोन नग दोन कारखान्यांत गेले. एका कारखान्याने दट्ट्या बदलला आणि बाकीच्या भागांशी जुळवून घेतला. दुसऱ्याने झडप बदलली आणि तीही जुळवून घेतली. दोन्ही यंत्रं उत्तम चालतात. पण नवा दट्ट्या आणि नवी झडप एकत्र कुणी कधी लावूनच बघितली नव्हती. ती पहिल्यांदा एकत्र येतात संकराच्या शरीरात. बिघाड कुणा एकाच्या जनुकात नसतो, जोडणीत असतो. आता हा न जुळणारा भाग झेड गुणसूत्रावर असेल, तर नराकडे दुसऱ्या बाजूचा झेड असतो, तो बऱ्याचदा वेळ मारून नेतो. मादीकडे एकच झेड. तिचा दोष झाकला जात नाही.

याचा आणखी एक परिणाम होतो. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग, त्यांच्यातला डीएनए फक्त आईकडून येतो. संकर माद्याच वांझ असतील तर तो या प्रजातीतून त्या प्रजातीत जायची वाटच बंद होते. बाकीची जनुकं मात्र संकर नरांमार्फत थोडी थोडी झिरपू शकतात.

सुगरणताईंनी सांगितलेल्या फसलेल्या मादीचं पुढे काय होतं तेही सांगतो. पाइड नराशी जोडी जमवलेल्या कॉलर्ड मादीच्या घरट्यातली बरीच पिल्लं प्रत्यक्षात शेजारच्या कॉलर्ड नराची असतात. शिवाय अशा घरट्यांत नर पिल्लांचं प्रमाण जास्त आढळलं आहे. संकर माद्या वांझ आणि संकर नर काही अंशी प्रजननक्षम असतील, तर मुलगे जास्त होणं हाच कमी तोट्याचा मार्ग. हंगामात उशीर झालेल्या मादीला त्यातल्या त्यात बरी जागा पाइड नराकडची आणि पिल्लं शक्यतो आपल्या प्रजातीची. २००१ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हापासून मिश्र जोडी म्हणजे निव्वळ चूक असं मी म्हणत नाही.

देवराई

गाण्याचा विषय निघालाय तर डॅफ्ने मेजर बेटाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस द्वीपसमूहातलं हे चिमुकलं बेट. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दाम्पत्य १९७३ पासून दरवर्षी तिथे जाऊन फिंच पक्ष्यांच्या पायांत कडी घालत राहिलं, चोची मोजत राहिलं. तिथे नर पिल्लू गाणं शिकतं ते बापाकडून, घरट्याच्या आसपास असतानाच. मोठं झाल्यावर तेच गाणं गातं. मादी पिल्लूही बापाचं गाणं ध्यानात ठेवते आणि पुढे तशाच गाणाऱ्या प्रजातीत जोडीदार शोधते. म्हणजे प्रजातीची ओळख रक्तातून नाही, संस्कारातून उतरते. हे वाक्य लिहिताना माझ्या अंगावर काटा येतो.

संस्कार म्हटला की चूक आलीच. कधी शेजारचा परका नर मोठमोठ्याने गातो, कधी एका प्रजातीचं घरटं दुसरी बळकावते, आणि एखादं पिल्लू भलतंच गाणं पाठ करून बसतं. असेच पक्षी पुढे परक्या प्रजातीत जोडी जमवतात. त्यांचे संकर बापासारखं गाणाऱ्या प्रजातीतच पुढे जोडी जमवतात.

त्या संकरांचं भवितव्य काय, तर ते पावसावर. १९८२-८३ च्या एल निनोआधी (पॅसिफिकचं पाणी तापून तिथे मुसळधार पाऊस पडतो ती घटना) संकर फारसे टिकत नव्हते. त्या पावसाने बेटावरच्या वनस्पतीच बदलल्या, लहान बिया भरपूर झाल्या आणि मधल्या मापाच्या चोचीचे संकर मूळ प्रजातींइतकेच, कधी त्यांच्याहूनही सरस जगले. तेव्हा 'संकर कमकुवत असतो' हे विधान कुठे आणि केव्हा, हे विचारल्याशिवाय मी तरी मान्य करणार नाही.

आणि १९८१ चा तो पाहुणा. शंभराहून जास्त किलोमीटरवरच्या एस्पान्योला बेटावरचा एक मोठा नर डॅफ्नेवर येऊन पोचला. अंगाने थोराड, गाणं कुणाशीच न जुळणारं. त्याने स्थानिक फिंच मादीशी जोडी जमवली. मुलांनी बापाचं गाणं उचललं. स्थानिक माद्यांना ते गाणं आपलं वाटेना. दोन-तीन पिढ्यांत हा वंश आपापसातच जोड्या जमवू लागला. मग २००३ ते २००५ चा दुष्काळ आला आणि त्यातून वंशाचे फक्त दोघे वाचले, एक भाऊ आणि एक बहीण. पाऊस आल्यावर त्यांचीच जोडी जमली आणि वंश पुन्हा वाढला. तो पाहुणा नेमका कुठला, हे २०१७ मध्ये डीएनएवरून पक्कं झालं. नव्या प्रजातीची सुरुवात म्हणावी अशी घटना, आणि तिच्या कुंपणाचा पहिला खांब म्हणजे एका परक्या नराचं गाणं.

पहाटवारा

देवराई, दोनदा वाचलं. भाऊ-बहिणीपाशी थांबलोच. खेचराची कल्पना डोक्यातून काढली आहे.

पण मग रेघ ओढायची कुठे? कुठपर्यंत एक आणि कुठून दोन?

कोतवाल

रेघ ओढताना तज्ज्ञही अडखळतात. माझ्या आवडीचं उदाहरण कावळ्याचं. (हो, कावळाही शास्त्राप्रमाणे गाणाऱ्या पक्ष्यांच्याच गटातला.) युरोपच्या पश्चिमेला पूर्ण काळा कॅरियन क्रो, पूर्वेला आणि उत्तरेला राखाडी अंगाचा, काळ्या डोक्या-पंखांचा हुडेड क्रो. दोघांच्या मध्ये स्कॉटलंडमध्ये एक आणि डेन्मार्कपासून जर्मनी, ऑस्ट्रियावरून उत्तर इटलीपर्यंत एक, असा संकरांचा अरुंद पट्टा. पट्ट्यातले संकर धडधाकट असतात, त्यांना पिल्लं होतात. वर्गीकरणशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये दोघांना दोन नावं दिली. पुढे त्यांना एकच प्रजाती मानायची पद्धत पडली. २००२ मध्ये ब्रिटिश ऑर्निथॉलॉजिस्ट्स युनियन या पक्षीशास्त्रज्ञांच्या संस्थेने पुन्हा दोन केल्या.

२०१४ मध्ये दोघांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, ताडून बघितले तर जवळजवळ सगळीकडे सारखे. ठळक फरक होता तो अठराव्या गुणसूत्रावरच्या एका तुकड्यात, आणि तिथे पिसांच्या रंगाशी संबंधित जनुकं. कावळे आपल्यासारख्या रंगाचा जोडीदार शोधतात, एवढ्यावर ही भिंत उभी आहे. माझं स्पष्ट मत: ही एकच प्रजाती. एका तुकड्यासाठी दोन नावं कशाला?

जोडाक्षर

कोतवाल, इथे मी असहमत. संकर धडधाकट, कुंपण नाही, पंख आहेत, मग दोन्ही रंग एव्हाना एकमेकांत मिसळून का गेले नाहीत? पट्टा थोडाफार सरकला, पण अरुंदच राहिला. म्हणजे काहीतरी त्यांना वेगळं ठेवतंय. आपण किती टक्के जनुकं सारखी हे मोजत बसतो आणि पक्षी फक्त समोरच्याचा रंग बघतो. निर्णय त्यांचा असेल तर नाव देताना तोच धरायला हवा.

कोतवाल

मुद्दा विचार करण्यासारखा आहे. मत लगेच बदलत नाही, पण 'पट्टा अरुंद का राहिला' याचं उत्तर माझ्याकडे नाही हे कबूल.

देवराई

पहाटवारा, रेघ कुठे याचं मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उत्तर हिरवट पर्णवटवट्याचं. हिवाळ्यात झाडाच्या शेंड्यात सतत चुळबुळ करणारा तोच लहानसा पक्षी. तिबेटच्या पठाराभोवतीच्या जंगलांत त्याच्या वीण करणाऱ्या समूहांचं कडं आहे. हिमालयातून पश्चिमेकडून वर जा किंवा पूर्वेकडून वर जा, गाणं हळूहळू बदलत जातं, लांब आणि गुंतागुंतीचं होतं. मध्य सायबेरियात दोन्ही टोकं पुन्हा भेटतात आणि तिथे ते एकमेकांचं गाणं ओळखत नाहीत, जोडी जमवत नाहीत. पक्षीशास्त्रज्ञ टिसहर्स्ट यांनी १९३८ मध्ये हे कडं ओळखलं, पुढे संशोधक डॅरेन अर्विन यांनी गाणी आणि जनुकं दोन्ही तपासली. अलीकडच्या जीनोम-अभ्यासात कड्यात मध्ये मध्ये खंड पडले होते आणि टोकांमध्येही थोडी जनुकं इकडून तिकडे गेली आहेत, असं दिसलं. म्हणजे चित्र पुस्तकात काढतात इतकं गोल नाही. पण शेजाऱ्याशेजाऱ्यांत रेघ नाही आणि टोकांना आहे, हे खरंच.

सुगरण

काल वेळ नव्हता. कावळ्यावरून आठवलेली अमेरिकेतली जोडी सांगते: गोल्डन-विंग्ड आणि ब्लू-विंग्ड वॉर्बलर. गोल्डन-विंग्ड राखाडी अंगाचा, पंखावर सोनेरी डाग, गळा काळा, डोळ्यावर काळा पट्टा. ब्लू-विंग्ड पिवळाधमक, डोळ्यातून जाणारी बारीक काळी रेघ, गळा पिवळा. शेजारी ठेवले तर कुणीही दोन म्हणेल. यांचे संकर इतके ठसठशीत की १८७४ मध्ये त्यांनाच दोन नव्या प्रजाती समजून नावं दिली गेली, ब्रूस्टर आणि लॉरेन्स. लॉरेन्स फार कमी दिसतो, कारण काळ्या गळ्याचा गुण अप्रभावी आहे, तो दोन्हीकडून यावा लागतो. २०१६ मध्ये जीनोम वाचले तर मूळ दोन प्रजातींत ठळक फरक फक्त सहा जागी, त्यातल्या चार पिसांच्या रंग-रचनेच्या जनुकांजवळ.

२०१८ मध्ये पेनसिल्व्हेनियात एका हौशी निरीक्षकाला असा एक पक्षी दिसला, ज्याचं अंग या दोन प्रजातींच्या मिश्रणाचं आणि गाणं तिसऱ्याच प्रजातीचं. तपासणीत निघालं की आई स्वतःच ब्रूस्टर संकर आणि बाप चेस्टनट-साइडेड वॉर्बलर. बापाची तर प्रजातीच काय, वंश (जवळच्या प्रजातींचा गट) देखील वेगळा. तीन प्रजातींचं रक्त एका पक्ष्यात, आणि तो पहिल्यांदा हेरला तो प्रयोगशाळेने नाही, दुर्बीण घेऊन फिरणाऱ्या माणसाने. माळटिटवी, म्हणून तुमच्या बुलबुलाची नोंद ठेवाच, तो काहीही निघो.

एक गोष्ट मात्र दुर्बिणीतून दिसत नाही. उत्तर अमेरिकेतल्या ब्लॅक-कॅप्ड आणि कॅरोलायना चिकडी या दोन छोट्या पक्ष्यांच्या प्रदेशांच्या सीमेवरचे संकर दिसायला ठणठणीत. पण चाचणीत त्यांची शिकण्याची आणि अडचण सोडवण्याची क्षमता दोन्ही मूळ प्रजातींपेक्षा कमी निघाली. जो पक्षी थंडीसाठी दाणे लपवून ठेवतो आणि जागा लक्षात ठेवून जगतो, त्याच्यासाठी याचा अर्थ काय होतो बघा. हिवाळे सौम्य होत चाललेत तशी ती सीमाही उत्तरेला सरकतेय, दहा वर्षांत साधारण ११ किलोमीटर.

स्वेन्सन्स थ्रश या तिथल्याच स्थलांतरी पक्ष्याचंही असंच. एक गट किनाऱ्याच्या बाजूने दक्षिणेला जातो, दुसरा आतल्या भागातून पूर्वेकडे वळून. संकरांच्या पाठीवर छोटी नोंदयंत्रं बसवली, तर त्यातले बरेच दोन्हींच्या मधल्या वाटेने गेले, वाळवंटं आणि डोंगर आडवे येतात त्या वाटेने. आईबापांपैकी कुणीच ती वाट धरत नाही.

पहाटवारा

संकराची कधी पूर्ण प्रजातीच झाली, असं घडलंय का?

जोडाक्षर

हो. इटलीतली चिमणी. घरचिमणी आणि स्पॅनिश चिमणी यांच्या संकरातून उभी राहिलेली. नराचा माथा स्पॅनिशसारखा विटकरी, गाल शुभ्र, बाकी बराचसा घरचिमणीसारखा. आता ती स्वतःच्या पायावर उभी आहे, आईबापाच्या प्रजातींशी तिच्याही भिंती आहेत.

माळटिटवी

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं वाचायला मला चार दिवस लागले.

कोतवालदादा, तुम्ही बरोबर होतात. चोचीच्या कडा अजून फिकट होत्या. आणि आज सकाळी तो गाल खाजवत होता तेव्हा डोळ्यामागे पांढऱ्यातून वर आलेलं लाल टोक दिसलं, टाचणीच्या डोक्याएवढं. संकर नाही. शिपाईच, या विणीतला.

पण मी बघणं थांबवलेलं नाही. दुपारी तो एकटाच पानाआड बसतो आणि चोच जेमतेम हलवत, घशातल्या घशात काहीतरी पुटपुटतो. पूर्ण शीळ नाही, तिचे तुकडे. आधी वाटलं आजारी आहे. मग तुमचे प्रतिसाद आठवले आणि कान देऊन ऐकलं. समोरच्या फांदीवर लालबुड्या मोठ्याने बोलत होता, त्याच्याकडे याने मानही वळवली नाही. मागच्या झाडावरून शिपायाची शीळ आली आणि हा पुटपुटायचा थांबला, तुरा उभा करून तिकडे बघत राहिला. मग पुन्हा सुरू केलं, या वेळी जरा मोठ्याने.